शिकारी रायफल व तिचें काडतूस

शिकारीच्या यशाचें श्रेय सामान्यतः दोघांत वांटलें जातें. एक हिस्सा शिकाऱ्याच्या धैर्याला व नेमबाजीला मिळतो आणि दुसरा त्याच्या रायफलीला. दिवाणखान्याच्या भिंतीवर वाघाच्या मुखवट्याखालीं रायफल टांगलेली असते, तिच्यावर कारागिराचें नांव सुंदर अक्षरांत कोरलेलें असतें, आणि शिकारकथांतून दोघांचेंहि गुणगान झालेलें असतें. ज्या बोटभर लांबीच्या पितळी काडतुसानें प्रत्यक्ष काम केलें, तें मात्र त्याच दिवशीं रानांत कोठें तरी पालापाचोळ्याखालीं काळवंडत पडलेलें असतें. वास्तविक रायफल ही एक लोखंडी नळी आहे. तिच्यांत जें काडतूस घालावें, त्याच्याच गुणावगुणांवर तिची कीर्ति किंवा अपकीर्ति अवलंबून असते. 'मॅग्नम' ह्या भारदस्त नांवानें ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या शिकारी रायफलींस तर ही गोष्ट विशेषच लागू पडते. ह्या रायफलींचा इतिहास म्हणजे वाढत्या बळाचा इतिहास, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. बळ वाढविणें तितकेंसें अवघड नव्हतें. तें बळ प्रत्येक वेळीं सारखेंच प्रकट व्हावें, थंडींत व उन्हांत एकाच मापानें मिळावें, हें अवघड होतें. आणि तेवढी विद्या अंगीं येण्यास सुमारें शंभर वर्षें लागलीं. ह्या शिक्षणांतील एक मोठा धडा आपल्या देशाच्या उन्हाळ्यानें दिला, हें फार थोड्यांस ठाऊक असतें.

आरंभ काळ्या दारूच्या काळापासून केला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बंदूक तोंडाकडून भरली जाई. दारू मापून ओतावयाची, तेलकट कापडाच्या तुकड्यांत धरलेली शिशाची गोळी वरून बसवावयाची, गजानें ती तळाशीं दाबावयाची आणि घोड्याखालीं टोपी चढवावयाची. ह्या दृष्टीनें पाहिलें तर त्या काळचा प्रत्येक बार हातानेंच भरलेला असे, आणि माप चुकलें तर फळ भोगणाराहि भरणाराच असे. काळी दारू कितीहि घातली तरी ती गोळीला एका मर्यादेपलीकडे वेग देत नाहीं. म्हणून हत्ती किंवा रानगवा पाडावयाचा तर गोळीचें वजन वाढविण्यावांचून गत्यंतर नव्हतें. सिलोनांतील शिकारीवर १८५४ सालीं ग्रंथ लिहिणारा सॅम्युएल बेकर हा ह्या मताचा मोठा पुरस्कर्ता होता. पुढें त्यानें आफ्रिकेंत नेलेली हॉलंडची एक रायफल अर्ध्या पौंडाचा स्फोटक गोळा फेंकी. तिला तो 'बेबी' म्हणे. त्याचे अरब नोकर तिला 'तोफेचें पोर' म्हणत. ती उडविली कीं खुद्द बेकर जागच्या जागीं गरकन् फिरे, आणि तिची त्याला स्वतःलाच धास्ती वाटे. बळाच्या मार्गानें किती दूर जातां येतें आणि तेथें पोंचल्यावर माणसाची काय अवस्था होते, ह्याचें हें चांगलें उदाहरण आहे.

त्याच सुमारास आपल्या सातपुड्याच्या रानांत जेम्स फॉर्सिथ नांवाचा एक तरुण इंग्रज अधिकारी ह्या प्रश्नाचा निराळ्या रीतीनें विचार करीत होता. पचमढीच्या पठारावर 'बायसन लॉज' बांधणारा, आणि १८७१ सालीं मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानच्या डोंगरी मुलखावरील ग्रंथाचा कर्ता म्हणून तो पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु त्यापूर्वीं, १८६३ सालीं, त्यानें शिकारी रायफल व तिच्या गोळ्या ह्या विषयावर एक लहानसें पुस्तक लिहिलें होतें. अडचण अशी होती कीं, दारू वाढविली म्हणजे वाटोळी गोळी नळीच्या आंतील आट्यांवरून घसरे. मग तिला नीट फिरकी मिळत नसे आणि ती भटके. फॉर्सिथनें आटेच सैल करविले. त्याच्या नळींत १०४ इंचांना एक पुरा वळसा असे, म्हणजे दोन-सव्वादोन फुटांच्या नळींत गोळी जेमतेम पाव वळसा घेई. तेवढी फिरकी वाटोळ्या गोळीस पुरे होती, आणि भरपूर दारू घालूनहि ती आटे सोडीत नसे. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, त्यानें दारूचा प्रश्न वेगळा आणि नळीचा वेगळा असें मानलें नाहीं. दारू, गोळी आणि नळी ह्या तिघींचें जमलें पाहिजे. एकीचें बळ दुसरीस सोसलें नाहीं तर तिसरी फुकट जाते, हें सूत्र त्यानें सातपुड्यांतील अनुभवावरून सांगितलें.

१८५६ सालीं लंडनच्या पर्डी ह्या कारागिरानें हलकी गोळी व भरपूर दारू असा मेळ घालून तिला आगगाडीचें नांव दिलें, आणि त्यावरून अशा रायफलींस 'एक्स्प्रेस' हें नांव पडलें. पुढें मागून उघडणाऱ्या बंदुका आल्या, पितळी काडतुसें आलीं, आणि एक्स्प्रेस रायफलीच्या पेटींत काडतुसें पुन्हा भरण्याची लहानशी हत्यारेंहि येऊं लागलीं. वाघ, बिबळ्या, सांबर ह्यांस ती रायफल उत्तम होती. परंतु तिची पोकळ टोंकाची हलकी गोळी गव्याच्या खांद्यावर आदळली कीं वरच्यावर फुटून जाई आणि जनावर जखमी होऊन निघून जाई.

मग निर्धूर दारूचें युग आलें. फ्रान्समध्यें १८८४ सालीं व्हिएय ह्यानें अशी पहिली उपयुक्त दारू तयार केली, आणि १८८९ सालीं इंग्लंडांत एबल व ड्युअर ह्यांनीं कॉर्डाइटचें पेटंट घेतलें. मूळच्या कॉर्डाइटांत शंभरांत ५८ भाग नायट्रोग्लिसरीन, ३७ भाग गनकॉटन आणि ५ भाग व्हॅसलीन असे. ह्याची भुकटी नसे. आपल्या घरच्या शेवयांसारख्या त्याच्या लांब काड्या काडतुसांत बसवीत. १८९८ सालीं जॉन रिग्बी ह्यानें जुन्या ४५० च्या एक्स्प्रेस काडतुसांत ही नवी दारू घातली. ४५० म्हणजे नळीच्या पोकळीचा व्यास ४५० सहस्रांश इंच, असा ह्या आंकड्यांचा अर्थ समजावा. सत्तर ग्रेन कॉर्डाइट आणि ४८० ग्रेनांची गोळी; वेग सेकंदास २१५० फूट. खांद्यावर सहज पेलणाऱ्या रायफलींत हत्ती पाडण्याचें सामर्थ्य आलें, आणि अर्ध्या पौंडाचे गोळे एकदम पुराणवस्तु ठरले.

परंतु लंडनमध्यें जें काडतूस निर्दोष ठरलें, तें हिंदुस्थानांत आणि आफ्रिकेंत येऊन हट्ट करूं लागलें. त्याचें कारण असें. दारू जितकी तापलेली असेल तितकी ती लवकर जळते. ती जितकी लवकर जळेल तितका नळींतील दाब वाढतो. आणि कॉर्डाइटच्या अंगीं हा गुण विशेष होता. वैशाखाच्या दुपारीं तासन् तास उन्हांत राहिलेल्या काडतुसाचा दाब इंग्लंडांतल्या थंड हवेंत मोजलेल्या दाबाहून बराच अधिक होई. जास्त दाबानें पितळी पुंगळी नळीच्या भिंतीस घट्ट चिकटे आणि बंदूक उघडतां उघडेना. चिडलेला गवा समोर उभा असतां ही अडचण किती महागांत पडत असेल, त्याची कल्पना वाचकांनींच करावी. ह्यावर कारागिरांनीं जो उपाय शोधला तो सूक्ष्म बुद्धीचा होता. त्यांनीं दारू फारशी कमी केली नाहीं. पुंगळी मोठी केली. १९०३ च्या सुमारास ४५० चा जो दुसरा नमुना निघाला, त्याची गोळी तीच, वेगहि तोच. परंतु पुंगळी लांब व रुंद, आणि तिच्यांत मोकळी जागा पुष्कळ. पहिल्यांत दाब चौरस इंचास सुमारें १७ टन पडे, तो दुसऱ्यांत सुमारें १३ टनांवर आला. शिवाय उष्ण देशांसाठीं किंचित् कमी दारूचीं काडतुसें निराळीं तयार होऊं लागलीं. १९११ सालचें रिग्बीचें ४१६ चें काडतूसहि ह्याच विचारानें ऐसपैस ठेवलेलें आहे. काडतुसांतील मोकळी जागा ही वायां गेलेली जागा नव्हे, ती उन्हाळ्यासाठीं राखून ठेवलेली जागा आहे, हा तो धडा होय.

ह्या काळांत काडतुसाची निवड ही शिकाऱ्याच्या आवडीनिवडीची गोष्ट राहिली नव्हती. दुनळी रायफलीच्या दोन नळ्या दिसावयास समांतर दिसतात, पण तशा त्या नसतात. बार उडतांना उजवी नळी उजवीकडे व डावी डावीकडे झटका देते. म्हणून कारागीर त्यांचीं तोंडें एकमेकींकडे किंचित् वळवितो, चांदमारीवर बार काढून पाहतो, डाख सोडवून पाचर सरकवितो, पुन्हा डाख लावतो. आणि दोन्ही गोळ्या एका जागीं पडेपर्यंत हा क्रम चालू ठेवतो. हें सर्व एकाच ठराविक दारूच्या व एकाच ठराविक वजनाच्या गोळीच्या हिशेबानें होतें, व तो हिशेब नळीवर कोरून ठेवलेला असतो. दुसरें काडतूस घातलें कीं त्या दोन नळ्यांचें भावंडपण संपलें. एक पूर्वेस मारते व दुसरी पश्चिमेस. पुण्याजवळ खडकीस १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना असला तरी तो लष्करासाठीं होता. शिकाऱ्यांचीं मोठीं काडतुसें विलायतेहूनच येत, आणि तीं समुद्राची दमट हवा लागूं नये म्हणून डाखलेल्या डब्यांत बंद केलेलीं असत. त्यांत १९०७ च्या सुमारास सरकारनें ४५० च्या मापाला हिंदुस्थानांत व सुदानांत बंदी केली. मार्टिनी-हेन्री ही लष्कराची जुनी बंदूक त्याच मापाची होती, आणि शिकाऱ्यांचा माल बंडखोरांच्या हातीं जाऊन त्या बंदुकांत वापरला जाईल ही भीति सरकारला होती. तेव्हां कारागिरांनीं ४६५, ४७०, ४७५, ४७६ अशीं निरनिराळीं मापें पुढें आणलीं. त्यांपैकीं ४७० चें काडतूस आजहि आफ्रिकेंत नांवाजलेलें आहे. एका राजकीय हुकुमानें शिकारी शस्त्रांची एक पिढीच जन्मास घातली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

'मॅग्नम' म्हणजे लॅटिन भाषेंत 'मोठें'. दारूच्या मोठ्या बाटलीस हें नांव पूर्वींपासून होतें, आणि नळीच्या मानानें मोठी पुंगळी असलेल्या काडतुसास तें इंग्रज कारागिरांनीं लावलें. ह्या कुळांतील सर्वांत यशस्वी काडतूस म्हणजे हॉलंड अँड हॉलंड ह्यांचें १९१२ सालचें ३७५ मॅग्नम. तें एकनळी, मागेंपुढें सरकणाऱ्या खिटीच्या रायफलीसाठीं केलेलें आहे. त्याची पुंगळी लांब असून टोंकाकडे हळूहळू निमुळती होत जाते, त्यामुळें ती उष्ण हवेंतहि सहज सुटून येते. आणि बुडाशीं असलेल्या पट्ट्यामुळें ती खजिन्यांत ठराविक खोलीवर बसते. परंतु त्याची खरी थोरवी निराळीच आहे. त्यांत २३५, २७० व ३०० ग्रेनांच्या तीन गोळ्या मिळत. बहुतेक रायफलींतून शंभर-दीडशें यार्डांच्या आंत तिन्ही गोळ्या जवळजवळ एकाच जागीं लागत. सांबरासाठीं हलकी व गव्यासाठीं जड गोळी घालतांना नेम बदलावा लागत नसे. दुनळी रायफल ज्या बाबतींत हट्टी, त्याच बाबतींत हें काडतूस समजूतदार निघालें.

गोळीच्या निवडींत एक नैतिक प्रश्नहि दडलेला आहे. कलकत्त्याजवळील डमडम येथील कारखान्यांत कॅप्टन बर्टी-क्ले ह्यानें १८९६-९७ च्या सुमारास टोंक उघडें ठेवलेली, अंगांत शिरतांच पसरणारी गोळी तयार केली. ती क्रूर ठरून १८९९ च्या हेगच्या परिषदेनें युद्धांत अशा गोळ्या निषिद्ध ठरविल्या. शिकारींत न्याय उलटा आहे. वाघाला किंवा सांबराला आरपार जाणारी टणक गोळी लागली तर तें जनावर मैलोगणती दूर जाऊन तळमळत मरतें. तेथें पसरणारी गोळीच दयेची ठरते. उलट हत्तीच्या कवटीपुढें पसरणारी गोळी निरुपयोगी; तेथें टणकच पाहिजे. स्कॉटलंडचा बेल ह्यानें आफ्रिकेंत हजारावर हत्ती मारले, आणि त्यांपैकीं पुष्कळ केवळ २७५ च्या बारीक रायफलीनें. आज त्या संहाराचें कौतुक करवत नाहीं. तथापि त्यानें हत्तीची कवटी करवतीनें कापून मेंदूची जागा अभ्यासिली होती, आणि एकाच तऱ्हेच्या टणक गोळीवर भरंवसा ठेवला होता, हें विसरूं नये. त्याचें यश बळाचें नव्हतें, ज्ञानाचें होतें.

हें ज्ञान नसल्यास त्याची किंमत कोण देतो? शिकारी क्वचितच देतो. १९०७ सालीं कुमाऊंत चंपावतजवळ जिम कॉर्बेट ह्यानें जी वाघीण मारली, तिनें ४३६ माणसें खाल्लीं होतीं. ती मेल्यावर पाहतां तिच्या उजव्या बाजूचा वरचा सुळा अर्धा तुटलेला आणि खालचा हाडापर्यंत गेलेला दिसला. तें कोणाच्या तरी जुन्या गोळीचें काम होतें. त्या दुखापतीमुळें तिला नेहमींचें भक्ष्य मारतां येईना, आणि ती माणसांकडे वळली. वाघ नरभक्षक होतो तो बहुतेक जखमांमुळें, असें मत कॉर्बेटनें १९४४ सालच्या आपल्या पुस्तकांत मांडलें आहे. नीट न लागलेली एक गोळी, आणि तिचा हिशेब गवत कापणाऱ्या व सरपण वेंचणाऱ्या शेंकडों स्त्रीपुरुषांनीं चुकता केला. त्या दिवशीं कॉर्बेटजवळ तीनच काडतुसें होतीं. तीं संपलीं तरी वाघीण उभीच; तेव्हां धांवत जाऊन त्यानें तहसीलदाराची बंदूक घेतली, तों तिच्या नळीच्या व पाठीमागच्या भागाच्या मध्यें चक्क फट! त्या बंदुकीची गोळी तोंडाऐवजीं पंजास लागली. सुदैवानें आधींच्या जखमांनींच वाघिणीचा अंत झाला. काडतुसाचा व बंदुकीचा विचार हा हौशी लोकांचा रिकामा उद्योग आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं चंपावतची ही हकीकत अवश्य आठवावी.

अचूकपणाचें शास्त्र मात्र वाढलें तें अमेरिकेंत. तेथें हातानें काडतुसें भरण्याची हौस मध्यमवर्गांत पसरली होती. मॅसॅच्युसेट्समधील फ्रँकलिन मॅन ह्या डॉक्टरानें अडतीस वर्षें प्रयोग करून १९०९ सालीं गोळीच्या उड्डाणावर एक ग्रंथ लिहिला. गोळी भटकते कां, एवढाच त्याचा प्रश्न. त्याला असें आढळलें कीं, गोळीचें टोंक जरा चेमटलें तरी फारसें बिघडत नाहीं. परंतु तिचें बूड किंचित् वांकडें झालें, किंवा तिचा गुरुत्वमध्य आंसावर नसला, कीं ती वाट सोडते. चारचौघांस जें दिसतें तें टोंक. गोळीचें भवितव्य ठरतें तें बुडाशीं! पुढें हॉलंडच्याच १९२५ सालच्या ३०० मॅग्नमनें अमेरिकेच्या कँप पेरी येथें १९३५ सालीं बेन कम्फर्ट ह्या नेमबाजानें हजार यार्डांवरील विंबल्डन चषक जिंकला, तेव्हां मॅग्नम काडतूस केवळ धक्क्याचें नसून सूक्ष्म नेमाचेंहि असूं शकतें, अशी लोकांची खात्री पटली.

हातानें भरण्याचा मोठा लाभ अधिक बळ हा नव्हे, सारखेपणा हा आहे. प्रत्येक रायफलीचा स्वभाव निराळा असतो. एकाच कारागिराच्या दोन बहिणींतहि एकीला जी गोळी मानवते ती दुसरीला मानवेलच असें नाहीं. जाणता भरणारा पुंगळ्या एकाच जातीच्या घेतो, दारू तराजूवर तोलतो, गोळी दर वेळीं एकाच खोलीवर बसवितो, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलून परिणाम लिहून ठेवतो. प्रमाणग्रंथांत दिलेल्या मर्यादेच्या बराच खालीं आरंभ करून तो हळूहळू वर जातो. आणि अत्युत्तम नेम बहुधा कमाल मापावर नव्हे, त्याच्या अलीकडेच सांपडतो, असा त्यांचा सार्वत्रिक अनुभव आहे. जेथें जनावर उलटून येण्याचा संभव असतो, तेथें तर अर्धा इंच बारीक नेमापेक्षां काडतूस न अडतां आंत जाणें, खात्रीनें पेटणें आणि न चिकटतां बाहेर येणें ह्यांची किंमत अधिक.

इतकें शिकूनहि माणसें विसरतात. १९५६ सालीं अमेरिकेच्या विंचेस्टर कंपनीनें ४५८ मॅग्नम हें काडतूस काढलें. जुन्या ४७० चें सामर्थ्य अडीच इंचांच्या आंखूड पुंगळींत, आणि तेंहि स्वस्त एकनळी रायफलींत, ही कल्पना मोहक होती. परंतु एवढ्याशा जागेंत हवा तितका वेग आणण्यासाठीं दारू दाबून दाबून भरावी लागली. उष्ण देशांत ठेवलेल्या कांहीं काडतुसांत ती दारू गठ्ठा होऊन बसली. ती नीट जळेना, आणि गोळीचा वेग छापील आंकड्याहून बराच कमी भरूं लागला. मोझांबिकांत १९५९ सालीं जॅक लॉट ह्या अमेरिकन शिकाऱ्यास एका रानरेड्यानें शिंगांवर घेतलें. तो वांचला, आणि पुढें १९७१ सालीं त्यानें त्याच मापाचें, पण लांब पुंगळीचें नवें काडतूस तयार केलें. दारूला ऐस जागा द्यावी हीच त्यांतली मुख्य सुधारणा. ४५० च्या कारागिरांनीं १९०३ मध्यें उन्हाळ्यापुढें मान लवून जें पत्करलें होतें, तेंच पुन्हा अडुसष्ट वर्षांनीं रक्त सांडून शिकावें लागलें. विंचेस्टरचें काडतूसहि पुढें नव्या दारूमुळें सुधारलें, हें न्यायानें सांगितलें पाहिजे.

आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हौशी शिकारीचा अध्याय संपला, आणि तो संपला हें उचितच झालें. जुन्या रायफली आतां पेटींत किंवा संग्रहालयांत आहेत. तरी ह्या लहानशा पितळी नळीचा इतिहास निरर्थक नाहीं. जें साधन दुसऱ्याच्या जिवावर चालवावयाचें, त्याच्या बळाची फुशारकी करण्यापूर्वीं तें बळ आपल्या ताब्यांत किती आहे हें पाहावें, त्यांत प्रतिकूल ऋतूसाठीं थोडी जागा रिकामी ठेवावी, आणि एका चुकीची झळ कोणाच्या घरापर्यंत पोंचेल ह्याचा अदमास आधीं घ्यावा. हा उपदेश बंदुकीच्या कारखान्यांतून आला असला तरी तो बंदुकीपुरताच आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.